दोरा म्हणून पाठवलेली वेणी

माणूस भेटलं की आपण आधी तोंडाकडे बघतो. मावशी डोक्याकडे बघायच्या. समोरचा बापडा खुशाली विचारत उभा, आणि ह्यांची नजर त्याच्या भांगात अडकलेली. नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, पण कुणाचा भांग कुठल्या बाजूला आणि कुणाच्या कपाळावर भोवरा, हे कित्येक वर्षांनी विचारलं तरी बिनचूक सांगायच्या. लग्नाआधी काका पहिल्यांदा त्यांच्या घरी आले, तेव्हा त्यांनी आत जाऊन आईला सांगितलं होतं, "माणूस चांगला आहे, पण केस टिकायचे नाहीत." नाहीच टिकले. काका अजून सांगतात की हिने मला टकलासकट पसंत केलं, टक्कल तेवढं मागाहून आलं.

मावशींचा धंदाच तो. त्या विग करायच्या. वडील नाटकवाल्यांसाठी करायचे, राजाच्या जटा नाहीतर म्हातारीचा पांढरा अंबाडा. नाटकं कमी झाली, वडील गेले, आणि मावशींकडे वेगळीच माणसं यायला लागली. आजाराने किंवा औषधाने केस गेलेली. ही माणसं दारात उभी राहून इकडेतिकडे बघायची, पुडक्यात काहीतरी चोरून आणल्यासारखी हळूच बोलायची. मावशी त्यांना आधी बसवायच्या, पाणी द्यायच्या आणि रोखठोक म्हणायच्या, "टोपी काढा. मी रोज हेच बघते, आणि आमच्या घरात एक टक्कल कायमचं आहे." आतल्या खोलीतून काका खाकरायचे. मग बहुतेक माणसं हसायची आणि टोपी निघायची.

घराच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं टेबल. टेबलावर ओळीने लाकडी डोकी, लहानमोठी. काकांनी त्या सगळ्यांना नावं ठेवली होती, थोरल्या वहिनी, धाकट्या वहिनी, आणि एक नाक तुटलेलं होतं ते साडू. काम असं, की डोक्यावर बारीक जाळी ताणायची आणि छोट्या आकडीने एकेक केस तिच्यात ओवून गाठ मारायची. असं महिनाभर मान मोडून बसायचं. त्यात केसांची मुळं सगळी एका बाजूला पाहिजेत, नाहीतर विग दोन धुण्यांत काथ्या होतो. म्हणून स्वतःचेच केस पाठवणाऱ्यांना मावशींच्या सूचना ठरलेल्या. मुळाकडून पांढऱ्या दोऱ्याने घट्ट बांधा, मग कापा. धुऊ नका. प्लास्टिकमध्ये घालू नका, केस घामेजतात, कागदात गुंडाळा. आणि पुडक्यावर लिहा, "आत दोरा आहे."

ही शेवटची सूचना म्हणजे मावशींची अक्कलहुशारी होती आणि त्यांना तिचा भारी अभिमान. झालं होतं असं, की एकदा कुणीतरी भाबडेपणाने पुडक्यावर "केस" लिहिलं आणि ते वाटेत कुणीतरी लांबवलं. लांब केसांना बाजारात गिऱ्हाईक असतं. तेव्हापासून दोरा. "दोरा कोण चोरतंय," मावशी म्हणायच्या. आणि खरंच, इतकी वर्षं कुणी चोरला नव्हता.

तर एक दिवस लांबच्या गावाहून एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. पोर शाळकरी, अंगाने काडी, आणि पाठीवर वेणी अशी की मावशींचा हात आपोआप पुढे गेला. दाट, काळीभोर, कमरेच्या खाली. पोरीला दवाखान्यात मोठं औषध सुरू व्हायचं होतं आणि केस जाणार हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. आईचं म्हणणं, गळायच्या आधी कापून टाकू. पोर ऐकेना. खुर्चीत पाय आवळून बसली होती आणि कुणाशी बोलत नव्हती.

मावशींनी तिच्या डोक्याचं माप घेतलं आणि म्हणाल्या, "मी ह्याच केसांचा विग करणार. दुसऱ्या कुणाचा एक केस त्यात जाणार नाही."

पोर पहिल्यांदाच बोलली. "माझेच? सगळे?"

"तुझेच. आहेत तेवढे सगळे. शाळेत परत जाशील तेव्हा तुझेच केस घालून जाशील."

"शब्द?"

"शब्द," मावशी म्हणाल्या. पोरीने हात पुढे केला, मावशींनी तो हातात घेऊन हलवला. आईने पदराने डोळे टिपले आणि खिडकीबाहेर काहीतरी बघण्यासारखं आहे असं दाखवलं.

पुढे दवाखान्याची तारीख आली. आईने घरीच वेणी बांधून कापली, पोरीने ती स्वतः कागदात गुंडाळली, आणि बाकी सांगितलं होतं तसं सगळं करून आईने पोस्टाने पाठवली. पार्सल निघालं, ह्या गावाच्या मोठ्या पोस्टात पोचलं, असं मोबाईलवर दिसलं. आणि तिथून पुढे हललंच नाही. मावशी रोज सकाळी चष्मा लावून मोबाईल बघायच्या, दुपारी पोस्टमन दिसला की दारात जायच्या, आणि तो लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा. शेवटी त्यांनी चपला घातल्या आणि पोस्टात गेल्या.

तक्रारीच्या खिडकीतल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांच्यासमोर रांग होती आणि पंखा बंद होता.

"पार्सलमध्ये काय होतं?"

"दोरा," मावशी म्हणाल्या. इतक्या वर्षांची सवय, जीभ आपोआप वळली.

"दोरा," बाईंनी मान वर करून बघितलं. "मावशी, दोऱ्याचं काय एवढं. भरपाईचा अर्ज देते, मंजूर होईल. नवीन घ्या दोरा."

"मला तोच पाहिजे."

"त्याच कंपनीचा मिळेल की."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. तक्रारीच्या कागदावर दोराच लिहिला गेला होता, आता केस म्हणायची सोय नव्हती. मावशी घरी आल्या. पण दुसऱ्या दिवशी परत गेल्या, तिसऱ्या दिवशीही, असे आठवड्यांमागून आठवडे. खिडकीतल्या बाई त्यांना लांबून येताना बघूनच मान हलवायला लागल्या. शिपाई आपापसात म्हणायचे, आल्या दोरेवाल्या. मावशींच्या कानावर आलं होतं, पण त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. जिवाला घोर होता तो वेगळाच. औषध सुरू होऊन संपतही आलं होतं. शाळा उघडायला दीड महिनाच उरला होता, आणि जाळी रिकामी होती.

काकांनी एकदा जपून विषय काढला. "अगं, तुझ्या कपाटात काळे केस भरून पडलेत. तसेच निवडून लाव. कुणाला कळणार आहे?"

मावशी रिकामी जाळी ताणत राहिल्या. पण हो म्हणाल्या नाहीत म्हणून मनात आलं नाही असं नाही. त्याच दुपारी पोरीच्या आईचा फोन आला. पार्सल सापडत नाही हे तिला माहीत होतं, पोरीला मात्र दोघींनी सांगितलं नव्हतं. आई हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तुमच्याकडचे लावा. तिला नाही कळायचं. ती रोज विचारते हो, मी काय सांगू." आणि रडायला लागली.

फोन ठेवून मावशींनी कपाट उघडलं. शोधून शोधून एक जुडगा काढला. रंग तोच, जाडी तीच, लांबीही जवळपास. त्यांनी तो उजेडात धरला. शंभर पोरींतून एकीलाही कळलं नसतं. त्यांनी आकडी हातात घेतली, पहिला केस ओवला, आणि तो लहानसा हात आठवला. आकडी खाली ठेवली, ओवलेला केस उपसून काढला. "मला नाही हे जमायचं," त्या काकांना म्हणाल्या. "तिने हातावर हात मारून घेतलाय माझ्याकडून."

"मग?"

"मग काय, जाते परत."

ह्या वेळी त्या खिडकीशी थांबल्याच नाहीत. पोस्टाच्या मागच्या बाजूला, गाड्या लागतात तिथे, एक खोली होती. पत्ता फाटलेली, पुसलेली, कुणी न घेतलेली पार्सलं तिथे येऊन पडायची. पोस्टातले लोक तिला धर्मशाळा म्हणायचे आणि ती सांभाळणाऱ्या गृहस्थांना महाराज. महाराजांना वर्षानुवर्षं कुणी विचारायला येत नसे. खोलीत भिंतभर फळ्या, त्यांवर एकेक जोडा, छत्र्या, फ्रेमा, बाहुल्या, एक सायकलचं चाक. सगळं पुसून, झटकून मांडलेलं. आणि महाराजांच्या डोक्यावर पांढरेशुभ्र, दाट केस. एवढ्या काळजीतही मावशींच्या मनात आलंच, ह्या वयात असे केस म्हणजे चैन आहे.

"काय हरवलंय?" महाराजांनी विचारलं.

"दोरा," परत तेच निघालं तोंडून.

"कसला? शिवणाचा, विणायचा?"

"काळा."

महाराज उठले. खरोखर उठून त्यांनी फळ्या पाहिल्या, दोन खोकी उघडून बघितली. "नाही बाई. लोकर आहे, सुतळी आहे. काळा दोरा आलेलाच नाही."

मावशींनी सुस्कारा टाकला आणि मान वर केली. महाराजांच्या खुर्चीमागे, भिंतीवर उंच, एका खिळ्याला वेणी लटकत होती. दाट, काळीभोर, लांब. वर पांढरा दोरा घट्ट बांधलेला, खाली टोकाला हिरवी नाडी.

"ती," मावशी म्हणाल्या. त्यांनी टेबलाचा कोपरा धरला. "ती माझी आहे."

महाराजांनी वेणीकडे बघितलं, मग मावशींच्या पिकल्या, बोटभर अंबाड्याकडे. "तुमची?"

"म्हणजे माझ्या गिऱ्हाइकाची. मी विग करते."

"आत्ता तुम्ही दोरा म्हणालात."

मग मावशींना सगळं सांगावं लागलं. चोरी, दोरा लिहायची युक्ती, पोर, शब्द. महाराज टेबलावर हात ठेवून शांतपणे ऐकत होते. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"बाई, तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण माझ्या जागी बसून बघा. कुणाच्या तरी थैलीत तेलाची बाटली फुटली, ही त्या तेलात सापडली. कागदाचा लगदा झाला होता, पत्ता गेला. तुम्हीच सांगता, पाठवणाऱ्याने लिहिलं दोरा, आणि तुम्ही मागितला दोरा. आणि भिंतीवर वेणी दिसल्यावर दोऱ्याचे केस झाले. त्यात तुमचा धंदा केसांचा. सोनार येऊन म्हणाला की ती अंगठी माझी, तर मी लगेच काढून देऊ का?"

मावशींना राग आला, आणि राग आला तो त्यांचं म्हणणं बरोबर होतं म्हणून. प्लास्टिक नको, कागदच पाहिजे हे त्यांनीच सांगितलेलं. दोराही त्यांचाच. स्वतःच्या शहाणपणाने त्यांनी पोरीची वेणी हरवली होती आणि आता तीच डोळ्यांसमोर टांगलेली असून हात लावता येत नव्हता.

"मग काय करू?"

"जिची आहे तिला आणा."

"ती आजारी आहे."

"मग वाट बघा. पण फार नको. ह्या महिनाअखेरीला साहेब यायचेत. विकण्यासारखं असेल ते लिलावात जातं, बाकीचं जाळतात. हिला लिलावात घेणार नाहीत." महाराज जरा थांबले. "उंदीर आहेत इथे, म्हणून उंच टांगली. रोज येता जाता दिसते. मलाही ती जाळायची नाही."

घरी येऊन मावशींनी फोन लावला. आईला सांगितलं, सापडली आहे, पण पोरीला आणावं लागेल, आणि आणायचं म्हणजे खरं सांगावं लागेल. मग आईचा नाही, पोरीचा आवाज आला. तिने फोन घेतला होता.

"हरवली होती?"

"हो," मावशी म्हणाल्या. "माझ्या चुकीने हरवली. तुला सांगायला घाबरले."

"तुम्ही दुसरे केस लावले का?"

"नाही."

"बरं," पोर म्हणाली. "मग येते."

आली. आईच्या हाताला धरून, कानापर्यंत लोकरीची टोपी ओढून, आधीपेक्षा आणखी काडी. मावशींनी तिला रिक्षातून थेट धर्मशाळेत नेलं. महाराजांनी आपली खुर्ची तिला दिली आणि स्वतः खोक्यावर बसले. पोर खुर्चीत बसली तशी वेणी तिच्या पाठीमागे आली, तिला ती दिसलीच नव्हती.

"बाळ, तुझं काय हरवलंय?" महाराजांनी विचारलं.

"केस," पोर म्हणाली. "आणि नाडी."

"कसली नाडी?"

"गुंडाळताना टोकाला लावायचं रबर सापडत नव्हतं. मग मी बुटाची काढून बांधली." तिने पाय पुढे केले. एका बुटाला हिरवी नाडी होती. दुसरा बूट सुतळीने बांधलेला होता, दोन्ही टोकं कुरतडल्यासारखी. "आई नवीन घेणार होती. मी नको म्हटलं. मावशी केस देतील तेव्हा नाडी पण परत येईल ना."

आईने तोंडावर हात ठेवला. ह्या नाडीचं तिलाही ठाऊक नव्हतं, तिला वाटलं होतं पोरीने नाडी कुठेतरी टाकली. मावशी बघत राहिल्या. घरी विगची वाट बघत ही पोर एवढे दिवस सुतळी बांधून फिरली होती, आणि आपण कपाट उघडून बसलो होतो, ह्या विचाराने त्यांना भडभडून आलं.

महाराज उठले. खोक्यावर चढून त्यांनी वेणी खिळ्यावरून काढली, दोन्ही हातांवर घेतली आणि पोरीच्या मांडीवर ठेवली. पोरीने तिच्यावरून एकदा हात फिरवला. मग सवयीने, आपण काय करतो हे न कळता, ती उचलून डाव्या खांद्यावरून पुढे घेतली, आणि टोकाशी सैल झालेले पेड सोडून परत घालायला लागली. बोटं भराभर चालत होती. शेवटी नाडीची गाठ मारून तिने वेणी पाठीमागे टाकायला हात उंचावला, आणि वेणी खांद्यावरून घसरून खाली पडली.

पोर पडलेल्या वेणीकडे बघत होती. मग महाराज वाकले, वेणी उचलली, फुंकर मारून धूळ झटकली. "सही कर इथे," ते म्हणाले, आणि मावशींच्या तक्रारीच्या कागदावरचा दोरा खोडून त्यांनी वर लिहिलं, वेणी.

"तेलकट झाली आहे," पोर वास घेत म्हणाली.

"केसांना तेल चांगलंच," मावशी म्हणाल्या, आणि सगळ्यांत आधी महाराज हसले.

मावशींनी तो विग कसा केला ते काका सांगतात. इतर कामं बाजूला, जेवण टेबलापाशी, आणि मध्ये बोललेलं खपत नसे. थोरल्या वहिनी नि साडू सगळे उचलून कोपऱ्यात. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी पोर आली. विग बसवला, आरसा दिला. पोरीने खूप वेळ बघितलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, मान जोरात हलवून बघितली. मग तीन पेड घातले, खांद्यावरून मागे टाकले. ह्या वेळी वेणी पाठीवर राहिली. मावशींनी ड्रॉवरमधून हिरवी नाडी काढून दिली, धुऊन, इस्त्री करून. पोरीने खाली बसून सुतळी सोडली आणि नाडी ओवली.

त्या दिवसापासून मावशींनी दोऱ्याची युक्ती सोडून दिली. केस असतील तर पुडक्यावर केस लिहा, म्हणायच्या, आणि मला फोन करा. मग धर्मशाळेत फोन करून महाराजांना सांगायच्या, येतंय हो एक, लक्ष ठेवा.

विग घालून त्या दिवशी जाताना पोर दारात थांबली. आई पायऱ्या उतरून पुढे गेली होती.

"मावशी, माझे परत वाढले की ह्याचं काय करायचं?"

"मला परत दे. दुसऱ्या एखादीला कामाला येईल."

"पोस्टाने पाठवू?"

मावशींनी तिच्या डोक्याकडे बघितलं, आणि मग, आयुष्यात क्वचितच करायच्या तसं, तोंडाकडे.

"नको," त्या म्हणाल्या. "तू स्वतः घेऊन ये."